वर्गणीतून सोडवलेली प्रणाली

१९८४-८५ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातील सुमारे अडीचशे माध्यमिक शाळा निवडण्यात आल्या. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या त्या शाळांमध्ये जे यंत्र पोहोचले, ते ना अमेरिकेचे होते ना जपानचे. ते होते ब्रिटनच्या केंब्रिज शहरातील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. ३२ किलोबाइट स्मृती, २ मेगाहर्ट्झ वेगाचा ६५०२ हा प्रोसेसर आणि पेटीवर घुबडाचे छोटे चिन्ह. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केले. आज पन्नाशीत असलेल्या अनेक भारतीय अभियंत्यांनी आयुष्यातील पहिली आज्ञावली याच कळफलकावर टंकली.

एकॉर्न ही कंपनी आज अस्तित्वात नाही. तिचे कारखाने, तिची कार्यालये, तिचे समभाग सारे विरून गेले. तिने जगाला दिलेला ‘आर्म’ प्रोसेसर मात्र जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, आणि ही गोष्ट बहुतेक विज्ञानवाचकांना ठाऊक असते. फारशी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, त्या प्रोसेसरसाठी एकॉर्ननेच लिहिलेली ‘रिस्क ओएस’ ही कार्यप्रणाली कंपनी बुडाल्यानंतरही जिवंत राहिली. ती जिवंत ठेवली हौशी माणसांनी, पदरचे पैसे घालून. ती पूर्णपणे मोकळी व्हायला वीस वर्षे लागली. या वीस वर्षांच्या हिशेबात तंत्रज्ञानापेक्षा कायद्याची कागदपत्रेच अधिक सापडतात.

हर्मन हाउझर आणि ख्रिस करी यांनी १९७८ साली एकॉर्नची स्थापना केली. १९८१ च्या डिसेंबरात आलेल्या बीबीसी मायक्रोने कंपनीला पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळवून दिली. पुढच्या यंत्रासाठी बाजारातील कोणताच प्रोसेसर पसंत पडेना, तेव्हा सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचाच प्रोसेसर आखला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि चाललीसुद्धा. फर्बर यांनी पुढे अनेकदा सांगितलेली त्या दिवसांतली हकिकत विद्यार्थ्यांनी ऐकावी अशी आहे. चिप किती वीज खाते हे पाहायला त्यांनी मापक जोडला, तर काटा शून्यावर. शोध घेता कळले की वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. इतर तारांवरून येणाऱ्या संकेतांतून झिरपणाऱ्या जराशा विजेवर ती चिप बिनबोभाट आज्ञा पाळत होती. मोबाइल नावाची वस्तू कोणाच्या खिशात नसतानाच्या काळात हे घडले.

१९८७ साली या प्रोसेसरवर ‘आर्किमिडीज’ हे यंत्र आले आणि १९८९ साली त्याच्यासाठी ‘रिस्क ओएस २’. पडद्याच्या तळाशी चिन्हांची पट्टी, तीन कळांचा माउस, फाइल जतन करण्यासाठी तिचे चिन्ह ओढून हव्या त्या खिडकीत टाकण्याची सोय, कडा मऊ केलेली सुबक अक्षरे. पुढे इतरत्र सर्रास दिसू लागलेल्या अशा कितीतरी गोष्टी ब्रिटनमधील शाळकरी मुले तेव्हाच वापरत होती. ही प्रणाली डिस्कवर नव्हे, तर यंत्रातील कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये बसवलेली असे. बटण दाबले की काही क्षणांत पडदा तयार. ती लिहिली होती बव्हंशी असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या मातृभाषेच्या अगदी जवळच्या भाषेत. तिचा वेग आणि आटोपशीरपणा त्यातूनच आला, आणि पुढच्या सगळ्या अडचणीही त्यातूनच आल्या.

१९९० च्या नोव्हेंबरात एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी काढली. आठ वर्षांत चित्र असे झाले की, एकॉर्नकडे असलेल्या आर्मच्या समभागांची किंमत खुद्द एकॉर्नच्या बाजारमूल्याहून अधिक भरू लागली. दुसऱ्या शब्दांत, संगणक बनवणारी मूळ कंपनी शेअर बाजाराच्या लेखी शून्याहूनही कमी किमतीची ठरली. सप्टेंबर १९९८ मध्ये एकॉर्नने संगणकांचा विभाग बंद केला. ‘फीबी’ हे नवे यंत्र जवळजवळ तयार होते, त्याच्या पिवळ्याधमक पेट्याही बनून आल्या होत्या. यंत्र रद्द झाले आणि रिकाम्या पेट्या चाहत्यांना विकण्यात आल्या. ज्यांनी त्या घेतल्या, त्यांनी आत आपापल्या जुन्या यंत्रांचे भाग बसवले. पुढच्या वर्षी एका गुंतवणूकसंस्थेने आर्मच्या समभागांसाठी एकॉर्न विकत घेतली आणि बाकीचे तुकडे निरनिराळ्या दिशांना गेले.

वापरणाऱ्यांसमोरचा प्रश्न सरळ दिसत होता. कंपनीला प्रणाली नको आहे, आपल्याला हवी आहे, मग पैसे जमवून ती विकत घ्यावी. परंतु ‘विकत घेणे’ या शब्दांत किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे त्यांना हळूहळू कळले. एखाद्या जुन्या संगणकाचे ‘हक्क’ म्हणजे एक वस्तू नव्हे. आज्ञावलीच्या मजकुरावरील प्रताधिकार वेगळा, नावावरील आणि बोधचिन्हावरील व्यापारचिन्हाचा हक्क वेगळा, एखाद्या युक्तीवरील पेटंट वेगळे, आणि या सर्वांचा अमुक कामापुरता वापर करू देणारा परवाना तर फारच वेगळा. बुडीत कंपनीच्या मालमत्तेची विक्री होते तेव्हा हे तुकडे एकाच घरी जातातच असे नाही. वाटणीत घर एका भावाकडे, विहीर दुसऱ्याकडे आणि वाट तिसऱ्याच्या शेतातून, असा हा प्रकार.

जुने विक्रेते, सॉफ्टवेअर लिहिणारे आणि निष्ठावान वापरकर्ते यांच्या पुढाकारातून ‘रिस्कओएस लिमिटेड’ ही कंपनी उभी राहिली आणि मार्च १९९९ मध्ये तिने हक्क मिळवले. जुलैमध्ये ‘रिस्क ओएस ४’ बाजारात आली. चाहत्यांना वाटले, सुटलो. मात्र या कंपनीच्या हाती आला होता तो मेजावरील संगणकांसाठी प्रणाली विकसित करून विकण्याचा परवाना. मूळ प्रणाली गेली होती पेस या कंपनीकडे, कारण दूरचित्रवाणीला जोडायच्या सेट-टॉप पेट्यांसाठी तिला ती हवी होती. म्हणजे चाहत्यांनी घर घेतले असे त्यांना वाटत होते, प्रत्यक्षात ते भाडेकरू झाले होते. पुढे त्यांनी वार्षिक वर्गणीची योजना काढली. वर्गणीदाराने आधी पैसे भरायचे आणि वर्षभर सुधारित आवृत्त्या मिळवायच्या. बाजारपेठ एवढी लहान होती की विकासाचा खर्च आधी जमवल्याशिवाय विकास शक्यच नव्हता.

त्याच सुमारास तंत्रज्ञानाने गळा आवळला. ते नीट समजून घेण्याजोगे आहे.

सुरुवातीच्या आर्म प्रोसेसरमध्ये ‘आर १५’ नावाची एक नोंदपेटी होती. पुढची आज्ञा स्मृतीत कुठे आहे तो पत्ता या पेटीत असे. पेटी ३२ बिटांची, परंतु विल्सन आणि फर्बर यांनी काटकसर करून तिच्यातच आणखी काही सामान भरले होते. मागच्या गणिताचे उत्तर शून्य आले का, ऋण आले का, हातचा राहिला का, अशा खुणा आणि प्रोसेसरची त्या वेळची अवस्था हे सारे आठ बिटांत. पत्त्यासाठी उरले २४ बिट. प्रत्येक आज्ञा चार बाइटांची असल्यामुळे शेवटचे दोन बिट गृहीत धरता येत, म्हणून पत्ता प्रत्यक्षात २६ बिटांचा. दोनाचा सव्विसावा घात म्हणजे ६४ मेगाबाइट. १९८५ साली एवढी स्मृती घरगुती यंत्रात असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. शिवाय या काटकसरीचा मोठा फायदा होता: एक पेटी जपून ठेवली की पत्ता आणि खुणा दोन्ही एकदमच जपल्या जात आणि उपकार्य संपल्यावर एका आज्ञेत जसेच्या तसे परत येता येई. असेंब्लीत लिहिणाऱ्यांनी या सोयीचा पुरेपूर वापर केला. रिस्क ओएसच्या हजारो ओळींत ती सोय गृहीत धरलेली होती.

पुढे आर्मने पत्ता पूर्ण ३२ बिटांचा केला आणि खुणांना वेगळी पेटी दिली. काही वर्षे नव्या चिपांत जुनी २६ बिटांची पद्धतही ठेवलेली होती. मग ती काढून टाकण्यात आली. नव्या, वेगवान चिपांवर रिस्क ओएस चालणेच अशक्य झाले. आज्ञावली एखाद्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेली असती तर ती बव्हंशी नव्याने भाषांतरित करून घेता आली असती. येथे मात्र एकेक ओळ डोळ्यांखालून घालून, जिथे पत्ता आणि खुणा एकत्र गृहीत धरल्या आहेत ती जागा शोधून दुरुस्त करणे भाग होते. आणि त्यासाठी मूळ मजकूर हाती हवा, तो बदलण्याचा अधिकार हवा, बदललेला विकण्याचाही अधिकार हवा. परवान्याच्या कागदावरील बारीक अक्षरांना येथे एकाएकी जीवनमरणाचे महत्त्व आले.

हे काम ज्यांच्या हातून बाजारात आले, ती होती कॅसल टेक्नॉलॉजी. २००२ च्या अखेरीस तिने इंटेलच्या आर्मवर आधारित चिपवर चालणारे ‘आयोनिक्स’ हे यंत्र आणि ३२ बिटांची ‘रिस्क ओएस ५’ आणली. जुलै २००३ मध्ये तिने पेसकडून मूळ प्रणालीच विकत घेतली. आता एकाच प्रणालीच्या दोन शाखा झाल्या. एकीकडे वर्गणीवर चालणारी ४ ची शाखा, दुसरीकडे कॅसलची ५ ची शाखा. कोणाचा परवाना किती दूरवर पोहोचतो यावरून दोन कंपन्यांत वाद झाला. जगभरात मोजके हजार वापरकर्ते, आणि त्यांच्यातही दोन तट! आज्ञावली लिहिणाऱ्या हौशी माणसाला आपले काम दोन्हीकडे चालेल अशी काळजी घ्यावी लागे. या वर्षांविषयी एवढे म्हणता येते की, चाहत्यांनी ओतलेल्या पैशाचा आणि उत्साहाचा मोठा हिस्सा एकमेकांशी जुळवून घेण्यातच खर्च झाला.

२००६ साली कोंडी फुटू लागली. ‘रिस्क ओएस ओपन’ ही लहान संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून कॅसलच्या संमतीने मूळ मजकूर टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होऊ लागला. वाचायला आणि बदलायला मोफत, पण व्यापारी वापरासाठी शुल्क, अशी तडजोड होती. या संस्थेने वर्गणीची जुनी कल्पना वेगळ्या रीतीने वापरली. सर्वांनी एका थैलीत पैसे टाकण्याऐवजी कामांची यादी जाहीर केली. फाइलव्यवस्थेत सुधारणा, यूएसबी, नेटवर्क, चित्रे रंगवण्याचा जुना कार्यक्रम. ज्याला ज्या कामाची निकड, त्याने त्या कामापुढे रक्कम ठेवायची. पुरेशी रक्कम साठली आणि ते काम एखाद्याने पूर्ण केले की बक्षीस त्याचे. गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी काढताना एकजण पायरीसाठी देतो, दुसरा घंटेसाठी, तशी ही पद्धत. रकमा लहान असत आणि कामे सावकाश होत. पण देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला हे दिसे.

२०१२ साली रास्पबेरी पाय हा अत्यंत स्वस्त संगणक आला. त्यातही आर्मच होता, आणि त्याच वर्षी रिस्क ओएसची त्याच्यासाठीची आवृत्ती मोफत उपलब्ध झाली. २६ बिटांच्या विळख्यातून आधीच सुटका झालेली असल्यामुळेच हे शक्य झाले. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये रिस्क ओएसच्याच जगातील माणसांनी उभारलेल्या ‘रिस्क ओएस डेव्हलपमेंट्स’ या कंपनीने कॅसल टेक्नॉलॉजी विकत घेतली आणि प्रणाली ‘अपाची २.०’ या मुक्तस्रोत परवान्याखाली जाहीर केली. व्यापारी वापराचे शुल्क संपले. सप्टेंबर १९९८ ते ऑक्टोबर २०१८. या अवधीत हक्क किमान चार घरे फिरले होते.

एवढा उशीर होणे अटळ होते काय? तुलनेसाठी नेदरलँड्समधील एक उदाहरण जवळच आहे. टॉन रोझेंडाल यांनी १९९४ साली त्रिमितीय चित्रे आणि ॲनिमेशन बनवणारा ‘ब्लेंडर’ हा कार्यक्रम लिहायला घेतला. त्याच्यावर उभारलेली ‘नॅन’ ही कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढली आणि २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. हक्क गुंतवणूकदारांकडे राहिले. रोझेंडाल यांनी त्यांच्याशी थेट सौदा केला: एक लाख युरो द्या, मूळ मजकूर मोकळा करतो. १८ जुलै २००२ रोजी वर्गणीची मोहीम सुरू झाली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले. सामान्य वापरकर्त्यांनी दिले, कंपनीत पूर्वी काम केलेल्यांनीही दिले. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. संपूर्ण चित्रपट याच कार्यक्रमात बनवलेल्या ‘फ्लो’ या लाटवियाच्या ॲनिमेशनपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. भारतातही ॲनिमेशन शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही, तो आज सहसा ब्लेंडरनेच सुरुवात करतो. त्या सात आठवड्यांत दहा-वीस युरो देणाऱ्याला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

दोन्ही कथांतील फरक पैशाच्या रकमेत नाही. ब्लेंडरचे सारे हक्क एकाच ठिकाणी होते, किंमत ठरलेली होती आणि पैसे मिळाल्यावर नेमके काय घडणार हे पहिल्याच दिवशी जाहीर झालेले होते. रिस्क ओएसच्या चाहत्यांनी आधी परवाना घेतला आणि मग त्या परवान्याचा अर्थ शोधत बसले. अर्थात त्यांना दोष देणेही अन्यायाचे होईल. १९९९ साली पेससारखा मोठा ग्राहक समोर असताना मूठभर हौशी माणसांना मूळ मालकी कोण देणार होते?

सर्व काही नीट आखूनही अपयश येऊ शकते. फ्रान्समधील नेव्ह्रॅक्स ही कंपनी २००६ साली आर्थिक अरिष्टात सापडली, तेव्हा तिचा ‘रायझम’ हा ऑनलाइन खेळ मोकळा करण्यासाठी ब्लेंडरच्याच धर्तीवर मोहीम निघाली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने एकट्याने साठ हजार डॉलर देऊ केले. निर्णय मात्र न्यायालयाच्या हाती होता आणि खेळ गेला दुसऱ्याच कंपनीकडे. गंमत अशी की २०१० साली पुढच्या मालकाने तोच खेळ स्वतःहून मुक्तस्रोत केला. पैसे जमले तेव्हा खेळ मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा पैसे लागले नाहीत.

कधी कधी नुसते विचारणेही पुरते. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ भारतातही ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने परवान्याखाली विकला गेला होता. सिंक्लेअर यांचा संगणक-व्यवसाय १९८६ साली ॲमस्ट्रॅड कंपनीने पन्नास लाख पौंडांना विकत घेतला. पुढे आधुनिक संगणकावर स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटरांचा जमाना आला, तेव्हा १९९९ साली ॲमस्ट्रॅडने स्पेक्ट्रमच्या रॉममधील मजकूर अशा एम्युलेटरांबरोबर वाटायला मोफत परवानगी देऊन टाकली. अट एवढीच की प्रताधिकाराची ओळ पुसायची नाही. त्या एका परवानगीने जेवढा वारसा वाचला, तेवढा कित्येक वर्गण्यांनी वाचला नसेल. उलट त्याच स्पेक्ट्रमच्या नावावर ‘व्हेगा प्लस’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २०१६ साली लोकांकडून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. थोडीच यंत्रे लोकांच्या हाती आली, नाव वापरण्याचा परवाना काढून घेतला गेला आणि २०१९ साली त्यामागील कंपनी अवसायनात गेली. हौसेला हिशेबाची जोड नसली की काय होते, ते येथे पैसे भरणारे पुरते शिकले.

ताजे उदाहरण कमोडोरचे. कमोडोर ६४ हे १९८२ चे यंत्र जगात सर्वाधिक खपलेल्या संगणकांपैकी एक. १९९४ साली कंपनी बुडाली आणि त्यानंतर तिचे नाव तीन दशके या हातातून त्या हातात फिरत राहिले. २०२५ साली यूट्यूबवर जुन्या संगणकांविषयी कार्यक्रम करणाऱ्या ख्रिश्चन सिम्पसन यांनी गुंतवणूकदारांच्या साहाय्याने हे नाव ताब्यात घेतले, कमोडोरमधील काही जुनी माणसे सोबत घेतली आणि जुन्या यंत्राची प्रतिकृती विक्रीस आणली. ही बातमी जगभर गाजली. मात्र तिच्यातील खरेदी मुख्यतः नावाची आणि चिन्हांची आहे. कमोडोरच्याच घरातील ‘अमिगा’ या दुसऱ्या प्रसिद्ध यंत्राचे हक्क वेगळ्याच मालकाकडे आहेत. आधी सांगितलेली घर, विहीर आणि वाटेची वाटणी येथेही सुटलेली नाही.

भारतीय वाचकाने या प्रश्नाकडे दुरून पाहण्याचे कारण नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीचे स्थान मिळाले ते १९८४ च्या दुरुस्तीने, म्हणजे ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला त्याच सुमारास. त्यामुळे कादंबरीला लागणारी मुदत आज्ञावलीलाही लागते: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. ब्रिटनमध्ये ती सत्तर आहे. कादंबरीचा कागद शंभर वर्षे टिकतो. चुंबकीय चकतीवरील मजकूर वीस-तीस वर्षांत पुसट होऊ लागतो आणि ती वाचणारे यंत्र त्याआधीच मोडीत जाते. म्हणजे कायद्याची मुदत संपेपर्यंत संरक्षण करण्याजोगे काही उरेलच याची खात्री नाही. मालकाचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर सक्तीचा परवाना मागण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. परंतु अशा परवान्यासाठी दाद मागणे हे एखाद्या हौशी विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम नव्हे.

आणि मोहाली? युनिकॉर्न बनवणाऱ्या त्या संस्थेला फेब्रुवारी १९८९ मध्ये भीषण आग लागली आणि तिची चिपनिर्मिती अनेक वर्षे ठप्प झाली. ती पुन्हा उभी राहिली, २००६ मध्ये अंतराळ विभागाच्या छत्राखाली गेली आणि तिचे नाव सेमीकंडक्टर लॅबोरेटरी झाले. २ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत पंतप्रधानांच्या हाती देण्यात आलेली ‘विक्रम ३२०१’ ही ३२ बिटांची चिप याच मोहालीत, १८० नॅनोमीटर तंत्राने घडवलेली आहे. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने ती प्रक्षेपणयानांसाठी आखली आणि पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत तिची अवकाशात चाचणी झाली. या चिपची बातमी देताना बहुतेकांनी ‘स्वदेशी’ हा शब्द ठळक केला. अभियंत्यांच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी की, तिच्यासाठी लागणारा कंपायलर, असेंब्लर आणि इतर साधनेही इस्रोने स्वतःच तयार केली. तीस वर्षांनी तिच्या आज्ञावलीत दुरुस्ती करायची वेळ आली, तर मूळ मजकूर कोणाकडे आहे हे विचारायला परदेशातील एखाद्या बुडीत कंपनीच्या अवसायकाचे दार ठोठावावे लागणार नाही.

रिस्क ओएसच्या चाहत्यांपुढे मात्र जुनेच संकट नव्या आकड्यांत उभे आहे. आर्मचे नवे प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत. २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पाय ५ मधील प्रोसेसर ३२ बिटांच्या आज्ञा केवळ सामान्य कार्यक्रमांपुरत्याच पाळतो. कार्यप्रणालीला लागणाऱ्या वरच्या अधिकाराच्या पातळीवर त्या त्याला समजत नाहीत. २६ वरून ३२ कडे जाताना जागा शोधून दुरुस्त्या करणे पुरले होते. ६४ बिटांची आज्ञावलीच निराळी असल्यामुळे असेंब्लीतील सारा मजकूर नव्याने लिहावा लागेल. हक्क आता पूर्णपणे मोकळे आहेत, परवान्याची अडचण नाही, वर्गणीही निघते आहे. तुटवडा आहे तो चाळीस वर्षांपूर्वीची ती असेंब्ली वाचू शकणाऱ्या आणि ती दुसऱ्या भाषेत उतरवायला वेळ असलेल्या माणसांचा. त्यांतील बरेचजण आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत, आणि रास्पबेरी पाय ५ वर ही प्रणाली आजही थेट सुरू होत नाही.